हृदयाचं ठिगळ आणि पांढऱ्या पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या हिवाळ्यात बेळगावात आमच्या भागातल्या एका वाचनालयात ‘अटॅकनंतर हृदय कसं भरून येतं’ यावर मी तासभर बोलले. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर सगळे गप्प. मग चिठ्ठ्या वाटल्या, आणि बघता बघता चहाचा ट्रे भरला. त्यानंतर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरताना, गणपत गल्लीत भाजी घेताना, खानापूरच्या बसमध्ये, जिथे तिथे तेच प्रश्न. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नव्हे. चौतीस वर्षं हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं, आणि धाकट्या भावाला अटॅक आल्यापासून या विषयातलं हाताला लागेल ते वाचत बसले, एवढाच माझा अधिकार. औषध सुरू करायचं की बंद, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

अटॅक येतो तेव्हा हृदयात नेमकं मरतं काय?

हृदय दिवसभर रक्त ढकलतं, पण आतून वाहणाऱ्या त्या रक्तावर ते स्वतः जगत नाही. त्याच्यासाठी बाहेरून वेढलेल्या कोरोनरी धमन्या असतात. त्यातल्या एखादीत साचलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि पुढच्या भागाचं रक्त तुटतं. साधारण वीस मिनिटं ते अर्ध्या तासानंतर तिथल्या स्नायूपेशी कायमच्या मरायला लागतात. सुरुवात आतल्या थरापासून होते आणि मरण हळूहळू बाहेर सरकतं. डाव्या मोठ्या कप्प्यात अशा २ ते ४ अब्ज पेशी असतात. मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या १ अब्जापर्यंत पेशी जातात.

हाड जुळतं, कातडी येते, यकृतसुद्धा वाढतं म्हणे. मग हृदयाचंच काय अडलंय?

हृदयाच्या स्नायूपेशी जन्मानंतर थोड्याच दिवसांत विभागणं जवळजवळ बंद करतात. ‘जवळजवळ’ म्हटलं, त्यामागे एक गंमत आहे. १९५०-६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला. तो झाडांत गेला, अन्नात गेला आणि त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत बसला. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्यावरून हृदयपेशींची जन्मतारीखच काढली. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे नवी पेशी जन्मते, पण अब्जावधींचं भगदाड त्या वेगानं कसं बुजणार?

म्हणून शरीर दुसरा मार्ग धरतं. फाटलेल्या जागी कोलॅजेनच्या धाग्यांचा घट्ट पट्टा बसवतं. त्याला व्रण म्हणतात. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको : पुन्हा विणणं वेगळं आणि ठिगळ लावणं वेगळं. हृदयाला लागतं ते ठिगळ. ते आकुंचन पावत नाही, विजेचा संदेश नीट पुढे नेत नाही. तरी त्याला नावं ठेवू नका. ते वेळेत बसलं नाही तर मिनिटाला सत्तर वेळा दाब सोसणारी भिंत फाटेल.

यात रोगप्रतिकार पेशी कुठून आल्या? त्या तर जंतू मारायला असतात ना?

शाळेत आम्हीच तसं शिकवलं. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जंतू म्हणजे शत्रू. त्यात माझीही चूक आहे.

आपल्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार व्हायची. त्यामुळे बेळगावकराला रोगप्रतिकार म्हटलं की लस आणि साथ एवढंच आठवतं. पण या पेशींचा शोध लागला तो साथीत नव्हे, जखमेत. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. त्याबद्दल १९०८ चं नोबेल. मुंबईत प्लेगची लस काढणारे हाफकिन याच मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली शिकलेले.

त्या फिरत्या, गिळणाऱ्या पेशींपैकी मोठ्या पेशीला मॅक्रोफेज म्हणतात, मराठीत महाभक्षक. धडधाकट हृदयातही त्या असतात, अटॅकची वाट न बघता. काही तर आपण आईच्या पोटात असतानाच तिथे मुक्कामाला आलेल्या असतात आणि तिथेच आपली संख्या टिकवतात. काम काय करतात? हृदयपेशी आपली खराब झालेली सूत्रकणिका, म्हणजे पेशीतलं ऊर्जा बनवणारं यंत्र, बाहेर टाकतात, ती या उचलतात. उंदरांवरच्या २०१७ च्या प्रयोगात दिसलं, की वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेचा संदेश जातो त्या गाठीवर त्या स्नायूपेशींना चिकटून बसतात आणि संदेश पुढे जायला मदत करतात. झाडूवाला आणि लाईनमन, दोन्ही एकच.

अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात आत काय चालतं?

२०१९ चा ऑगस्ट आठवा. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकदम चढल्या. गोकाक-रामदुर्गकडे माणसं छपरावर बसली होती. पाणी ओसरल्यावर घरात पहिल्यांदा कोण शिरलं? गवंडी नव्हे. फावडी-घमेली घेतलेली पोरं. त्यांनी चिखल उपसला, कुजलेलं धान्य बाहेर टाकलं, आणि ते करताना उरलेसुरले दोन पोपडेही पाडले. गवंडी आला तो नंतर. चिखल असताना गवंड्याला बोलावून उपयोग नाही आणि फावडेवाले घरातून हललेच नाहीत तर गवंडी कामाला लागत नाही.

हृदयातही हाच क्रम. मरणाऱ्या पेशी फुटतात, त्यांच्यातला ऐवज बाहेर सांडतो. शरीराला ती धोक्याची घंटा. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, ही फावडेवाली पोरं. पहिल्या एक ते तीन दिवसांत त्यांची गर्दी असते. ती मेलेलं विरघळवतात, पण त्यांची रसायनं शेजारच्या जिवंत पेशींनाही भाजतात. त्यांच्या मागोमाग मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात. हे अस्थिमज्जेत तयार होतात, पण उंदरांत २००९ साली दिसलं की प्लीहेतही त्यांचा साठा तयार असतो आणि अटॅक आल्यावर तो तिथून सुटतो. प्लीहा म्हणजे डाव्या बरगडीखालचा तो अवयव, ज्याची आठवण आपल्याला फक्त मलेरियात यायची. हृदयात शिरल्यावर मोनोसाइटचे मॅक्रोफेज होतात.

आता गोम आहे ती इथे. सुरुवातीचे मॅक्रोफेज तापट असतात, खातात आणि दाह वाढवतात. पण मेलेले न्यूट्रोफिल गिळता गिळता त्यांचा स्वभाव पालटतो. तीन-चार दिवसांनंतर दुसऱ्या स्वभावाचे मॅक्रोफेज वरचढ होतात. ते दाह उतरवणारे संदेश सोडतात, नव्या केशवाहिन्या फुटायला लावतात आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींना ‘विणा आता’ म्हणून सांगतात. व्रण पक्का व्हायला पुढे सहा-आठ आठवडे लागतात. जुनं उपसून झालंय आणि नवं अजून ओलं आहे, अशा त्या पहिल्या आठवड्यात भिंत सगळ्यात मऊ असते. ‘आता बरं वाटतंय की’ म्हणून चौथ्या दिवशी पाण्याची घागर उचलणाऱ्या मावशींना डॉक्टर ओरडतात ते याचसाठी.

मग न्यूट्रोफिलच रोखले तर नुकसान कमी होईल ना?

कागदावर बरोबर वाटतं. उंदरांत न्यूट्रोफिल पूर्ण काढून बघितले, तर हृदय उलट जास्त बिघडलं आणि व्रण वाढला. मॅक्रोफेजना शहाणं करण्यात न्यूट्रोफिलचाच हात असतो, हे २०१७ मध्ये त्यातूनच कळलं. चिखल उपसणाऱ्यांना गावाबाहेरच अडवलं तर गवंड्याला निरोप द्यायचा कुणी?

झेब्राफिश नावाचा मासा हृदय परत उगवतो, हे खरं काय?

खरं. आणि तो मासा परदेशी नव्हे, आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. बोटभरही लांब नाही, अंगावर निळसर पट्टे.

२००२ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा सुमारे पाचवा भाग कापला. दोन महिन्यांत तो जवळजवळ पूर्ववत झाला. आधी गुठळी, मग उरलेल्या स्नायूपेशी विभागायला लागल्या आणि स्नायूच्या जागी स्नायू आला. ठिगळ नाही, सरळ विणकाम.

सगळ्यांना वाटलं, या माशाच्या स्नायूपेशींतच काहीतरी जादू असणार. ते काही अंशी बरोबरही आहे. पण २०१७ मध्ये एक तुलना झाली आणि मला तरी या सगळ्या विषयातला तो सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. जपानच्या भातखाचरांत मेडाका नावाचा मासा असतो. आकारानं, राहणीनं झेब्राफिशसारखाच. पण त्याचं हृदय उगवत नाही, व्रण धरून बसतं. दोघांना सारखीच इजा केली, तेव्हा फरक दिसला तो पांढऱ्या पेशींत. झेब्राफिशमध्ये मॅक्रोफेज लगेच पोचतात आणि न्यूट्रोफिल वेळेत निघून जातात. मेडाकात मॅक्रोफेज उशिरा येतात आणि न्यूट्रोफिल रेंगाळतात. मग मेडाकाला विषाणूचा भास होईल असं एक रसायन टोचलं. प्रतिकारयंत्रणा जागी झाली, मॅक्रोफेज लवकर आले, रक्तवाहिन्या फुटल्या आणि न उगवणारं हृदय बऱ्यापैकी उगवलं. उलट बाजूनं, झेब्राफिशचे मॅक्रोफेज आधीच कमी करून ठेवले, तर त्याचंही बिघडलं. ते नंतर परत आले तरी उपयोग झाला नाही. वेळ टळली ती टळली.

पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेतही झेब्राफिशवर काम चालतं. मुलं बारावीनंतर ‘पुढं काय’ म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

मासा झाला. आमच्यासारखं रक्त गरम असलेल्यांत काही आहे का?

आहे, पण एकच आठवडा. डॅलसमधल्या प्रयोगशाळेनं २०११ मध्ये एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचं हृदयाचं टोक कापलं. तीन आठवड्यांत ते भरून आलं. हेच सात दिवसांच्या पिल्लावर केलं तर फक्त व्रण. आठवडाभरात दार बंद! डुकराच्या पिल्लांत तर ते जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच बंद होतं, हे २०१८ मध्ये दिसलं.

२०१४ मध्ये त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नवजात उंदरांतले मॅक्रोफेज काढून टाकून मग हृदयाला इजा केली. स्नायूपेशी त्याच, वय तेच, तरी हृदय उगवलं नाही. नव्या रक्तवाहिन्या नीट आल्या नाहीत आणि व्रण पडला. रोगप्रतिकार पेशी हृदयाला ‘मदत’ करतात हा शब्द मला तेव्हापासून कमी वाटतो.

माणसाच्या बाळाचं म्हणाल, तर त्याच्यावर प्रयोग कोण करणार? पण जन्मतःच मोठा अटॅक आलेल्या एका बाळाची हकीकत ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये छापली. त्याच्या हृदयाचं काम पुढे जवळजवळ पूर्ण सुधारलं. एका बाळावरून सिद्धांत होत नाही, पण दार आपल्यालाही असावं असं वाटायला जागा आहे.

खरं आमच्या वयात मग काय बिघडतं?

(‘खरं’ म्हणजे आपल्याकडचं ‘पण’. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

दोन गोष्टी. जन्मल्यावर फुप्फुसं उघडतात, रक्तात ऑक्सिजन वाढतो आणि स्नायूपेशी विभागणं सोडून फक्त राबायला लागतात. दुसरी गोष्ट मॅक्रोफेजच्या घराण्याची. नवजात उंदरात इजेनंतर काम करतात ते मुख्यतः गर्भातच मुक्कामाला आलेले मॅक्रोफेज. ते शांतपणे वाहिन्या वाढवतात. मोठ्या उंदरात इजेच्या जागी हे जुने रहिवासी मरतात आणि त्यांची जागा रक्तातून आलेले तापट पाहुणे घेतात. २०१४ मध्ये मोठ्या उंदरांत त्या पाहुण्यांचा लोंढा औषधानं अडवला, तर रहिवासी टिकले आणि दाह कमी झाला. हृदय पिल्लासारखं उगवलं मात्र नाही.

टी-रेग पेशी म्हणजे काय?

टी पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. त्यांतल्या या पंचाचं काम करणाऱ्या पेशी. भांडण आवरा म्हणणाऱ्या. मेलेल्या हृदयपेशींचे तुकडे पाहून बाकीच्या टी पेशी कधी कधी स्वतःच्याच हृदयावर उलटतात. टी-रेग त्यांना थोपवतात आणि मॅक्रोफेजना दुरुस्तीच्या बाजूला वळवतात. झेब्राफिशमध्ये २०१७ साली आणखी एक दिसलं : याच पेशी हृदयात गेल्या की स्नायूपेशींना विभागायला लावणारं न्यूरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडतात, मज्जारज्जूत गेल्या तर वेगळं, डोळ्यात गेल्या तर तिसरंच. जसं गिऱ्हाईक तसा माल. इंटरल्यूकिन-२ हे औषध अगदी थोड्या मात्रेत दिलं तर माणसात टी-रेग वाढतात, आणि हृदयरुग्णांवर त्याच्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत.

माझ्या भावाचं पंपिंग अटॅकनंतर ३५ होतं, तीन महिन्यांनी ५० झालं. म्हणजे हृदय परत उगवलं की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. आणि उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात.

टूडी एकोत जो आकडा येतो, ज्याला आपण सगळे पंपिंग म्हणतो, तो म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं ते. निरोगी माणसातही तो १०० नसतो, ५५ ते ७० च्या आसपास असतो. तेव्हा ‘निम्मं हृदय बंद पडलं’ म्हणून ५० वाल्यानं घाबरू नये.

अटॅकमध्ये मेलेल्या भागाच्या कडेला आणखी एक भाग असतो. तो मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. रक्त परत सुरू झालं तरी त्या पेशी काही दिवस, काही आठवडे हलत नाहीत. पाटावर बसून पायाला मुंग्या आल्यावर उठता येत नाही, पण पाय काही मेलेला नसतो, तसं. ३५ चे ५० होतात ते मुख्यतः हा भाग जागा झाल्यामुळे, शिवाय गोळ्यांमुळे हृदयावरचा ताण उतरतो म्हणून. मेलेल्या जागी ठिगळच राहतं. म्हणून पहिल्याच दिवसाच्या एकोवरून आयुष्याचा हिशेब मांडू नका, डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा एको सांगतात तो चुकवू नका. आणि आकडा सुधारला म्हणून गोळ्याही सोडू नका. आमच्या भावानं सोडल्या होत्या. फॉर्म कन्नडमध्ये, डिस्चार्जचा कागद इंग्रजीत आणि घरात सगळे मराठी. ‘गोळ्या किती दिवस’ हे कुणी वाचलंच नव्हतं. कागद हातात पडला की तिथल्या सिस्टरला आपल्या भाषेत समजावून सांगायला सांगा, लाजू नका. आपल्याकडे बहुतेकांना तिन्ही भाषा येतात.

दाह वाईट असेल तर सूज उतरवायची गोळी घेतली तर?

नको. निदान मनानं तर नकोच.

१९७० च्या दशकात डॉक्टरांनाही हेच सुचलं होतं. अटॅकच्या रुग्णांना जोरदार स्टेरॉइड दिलं, दाह उतरला, पण त्याबरोबर भरून येणंही लांबलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या अटॅक येऊन गेलेल्यांनी थोडे दिवस घेतल्या तरी धोका वाढतो, हे डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतून २०११ मध्ये दिसलं. गुडघा दुखला की मेडिकलमधून ‘ती लाल गोळी’ आणायची आपली सवय आहे. आणण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अॅस्पिरिनची छोटी गोळी वेगळी. ती प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून असते.

मोजून-मापून दाह कमी करण्याचे प्रयत्न मात्र झाले आहेत. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या महागड्या इंजेक्शनची चाचणी १०,०६१ रुग्णांवर झाली. पुन्हा अटॅक वगैरे येण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग गाऊटवर देतात ती जुनी, स्वस्त कोल्चिसिन. २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांत फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेनं हृदयासाठी मान्यता दिली, आणि २०२४ मध्ये सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. आता डॉक्टरांत वाद चालू आहे. यात कुणी फसवलं असं नाही. दाह कुणाचा, कितव्या दिवशी, किती उतरवायचा, याचं गणित अजून सुटायचंय.

इम्युनिटी वाढवायला काढा, गुळवेल?

वरचं सगळं वाचलंत तर लक्षात आलं असेल, की अटॅकनंतर प्रतिकारशक्ती ‘वाढवणं’ म्हणजे पुराच्या घरात आणखी पन्नास फावडी धाडणं. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. स्वयंपाकातलं आलं-हळद खा, कोण अडवतंय.

स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन हृदय नवं करतात म्हणे. भाऊजींना पाच लाख सांगितलेत.

भाऊजींना म्हणावं, पैसे बँकेतच राहू देत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अटॅकसाठी स्टेम सेल (इतर पेशींना जन्म देणाऱ्या मूळपेशी) हा मान्य उपचार नाही. तो फक्त नोंदलेल्या चाचणीत देता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत.

या कथेला मोठी काळी बाजू आहे. हृदयात स्वतःच्या स्टेम सेल असतात आणि त्यातून नवा स्नायू होतो, असं अमेरिकेतल्या पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेनं वर्षानुवर्षं मांडलं. जगभर त्यावर रुग्णांच्या चाचण्या झाल्या. २०१८ मध्ये, ती प्रयोगशाळा ज्यांच्याकडे होती त्या हार्वर्ड विद्यापीठानंच तिचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं सांगितलं, कारण त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती होती.

पण मग इंजेक्शन दिलेल्या काही उंदरांची हृदयं थोडी सुधारत होती, ती कशी? २०२० मध्ये उत्तर मिळालं आणि ते आपल्या विषयाशी येऊन टेकतं. जिवंत स्टेम सेल टोचा, मेलेल्या टोचा, नाहीतर यीस्टच्या भिंतीपासून काढलेलं एक रसायन टोचा, फायदा तोच. कारण काम स्टेम सेल करतच नव्हत्या. टोचल्यामुळे मॅक्रोफेज धावून येत आणि ठिगळाची वीण सुधारत. इतकी वर्षं हार दुसऱ्याच्याच गळ्यात पडत होता.

प्रतिकार पेशी वापरून हृदयावर उपचार कधी येणार?

तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उंदरांत काय झालंय ते सांगते. कर्करोगावर जी कार-टी उपचारपद्धती आहे, जिचं भारतीय रूप आयआयटी मुंबईतून येऊन २०२३ मध्ये मान्य झालं, तीच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हृदयाकडे वळवली. टी पेशींना जास्तीचं ठिगळ विणणारे फायब्रोब्लास्ट ओळखायला शिकवलं. २०१९ मध्ये पेशी बाहेर काढून, आणि २०२२ मध्ये तर कोविडच्या लशीसारखं एमआरएनए टोचून शरीरातल्या शरीरातच. उंदरांचा व्रण कमी झाला, हृदयाचं काम सुधारलं. पण हे अटॅकनंतर लगेच करायचं नाही हो! तेव्हा ठिगळ हवंच असतं.

तंबाखू खाल्ली, ओढली नाही. निपाणीची शुद्ध आहे. चालेल?

नाही.

फ्लूची लस अटॅकनंतर घ्यावी काय?

डॉक्टरांना नक्की विचारा. २०२१ मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत सुमारे अडीच हजार रुग्णांत अटॅकनंतर लगेच, बहुतेकांना तीन दिवसांच्या आतच, ही लस किंवा नुसतं सलाईन टोचलं. वर्षभरात लसवाल्यांत मृत्यू कमी झाले. फ्लूचा दाह धमनीतला थर पुन्हा फोडू शकतो. व्हॅक्सिन डेपोच्या गावात लशीला घाबरणारे बघितले की मला नवल वाटतं.

आम्ही खानापूरच्या आत राहतो. हे सगळं कळून आमचा काय उपयोग?

प्रश्न रागानं लिहिलेला होता, आणि राग रास्त आहे. आमचा भाऊ तिथलाच. रात्री जेवल्यावर छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात भरून आला, घाम फुटला. घरच्यांनी ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पाजला, सुंठ चाटवली, पाठ चोळली. पहाटे गाडी मिळाली. पाच तास गेले. त्या पाच तासांत जे गेलं ते कुठलाही मॅक्रोफेज परत आणणार नाही, कारण मोठ्या माणसात तो ठिगळ चांगलं लावू शकतो, स्नायू विणू शकत नाही. धमनी लवकर उघडली तर उपसायला चिखलच कमी राहतो.

म्हणून एवढं पाठ करा. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, असं काही झालं तर उतरतंय का बघत वीस मिनिटं थांबू नका, लगेच १०८ लावा. हा नंबर कर्नाटकात चालतो तसा चंदगड-गडहिंग्लज बाजूलाही चालतो. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत नुसती धाप, मळमळ, गळून जाणं एवढंच असू शकतं. थेट मोठ्या शहराचा हट्ट धरण्यापेक्षा आधी जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे जा. कर्नाटक सरकारनं पुनीत राजकुमार यांच्या नावानं हृदयज्योती योजना काढली आहे. तीत तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी दूरचे तज्ज्ञ बघतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत मिळतं. आपलं तालुका रुग्णालय त्यात आहे का, हे आज दिवसाउजेडी विचारून ठेवा. अँजिओप्लास्टीला दोन तासांच्या आत पोचणं शक्य नसेल तर हेच इंजेक्शन आधी देऊन मग पुढे पाठवतात.

तो मासा बेळगावात मिळतो का? मला पाळायचाय.

पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी होती, अक्षर पाचवी-सहावीतलं. मिळतो, बाळा. मासे विकणाऱ्या दुकानात ‘झेब्रा डॅनियो’ म्हणून माग. एकटा घेऊ नकोस, पाच-सहा घे, त्यांना घोळक्यानं राहायला आवडतं. आणि काचेला झाकण लाव, उड्या मारतात. कापून बघायचं नाही. ते लोक भूल देऊन, परवानगी काढून करतात.